सिएरा लिओनची बालसैनिक-मुक्ती योजना: कुठे खरी उतरली, कुठे फसली

पळवून आणलेल्या मुलांना पगार द्यावा लागत नाही, ती धाकात राहतात आणि मेली तर पुढच्या गावातून आणखी मुलं उचलता येतात. म्हणूनच हरत आलेली टोळीसुद्धा वर्षानुवर्षं लढत राहते. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या यादवीत (1991–2002) आरयूएफ (रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट) या संघटनेच्या बंडखोरांनी हेच केलं. मुलांच्या सुटकेची कोणतीही योजना तपासताना म्हणून पहिला प्रश्न हा: सुटलेलं मूल पुन्हा कमांडरच्या हाती लागतं का?

सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि युनिसेफ यांच्या या योजनेची सगळ्यांत कच्ची बाजू म्हणजे नोंदणी. मुलांना बंदूक जमा करण्याची सक्ती कागदावर नव्हती. प्रत्यक्षात मात्र बंदूक मागितली जाई, एके-47 सुटी करून पुन्हा जोडून दाखवायला लावत. बंदुका होत्या कमांडरांच्या ताब्यात. त्यामुळे कोणाचं नाव लागणार, हेही बऱ्याचदा तेच ठरवत. ओझी वाहणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, बळजबरीने 'बायको' करून ठेवलेल्या मुली बाहेरच राहिल्या. नोंद झालेल्या 6,845 मुलांत मुली जेमतेम आठ टक्के. टोळ्यांमधलं त्यांचं प्रमाण याच्या कितीतरी पट होतं. ही चूक अक्षम्य आहे.

पुढची पायरी बरी होती. मुलांना मोठ्या लढवय्यांपासून तोडून संगोपन केंद्रात ठेवायचं आणि साधारण सहा आठवड्यांत घरचे शोधायचे. बहुतेकांना घरचं कोणी ना कोणी सापडलं. पण केंद्र टोळीच्याच मुलखात असेल तर धोका राहतो: मे 2000 मध्ये लढाई पुन्हा पेटली, तेव्हा मकेनी भागातली काही सुटलेली मुलं परत ओढली गेली. केंद्राची जागा निवडताना अंतर आधी पाहायला हवं.

मुलांच्या हातात रोकड दिली नाही, हे फार योग्य झालं. शेजारच्या लायबेरियात 2003–04 मध्ये मुलांनाही दोन हप्त्यांत 300 डॉलर दिले. तिथे कमांडर वाटा मागू लागले आणि कधी न लढलेली मुलंही रांगेत उभी केली गेली.

सगळ्यांत चांगला भाग शाळांचा. सुटलेल्या मुलाला फी न घेता दाखल करून घेणाऱ्या शाळेला शैक्षणिक साहित्य मिळे, आणि ते सगळ्या वर्गाच्या उपयोगी पडे. 'बंडखोराला बक्षीस, आमच्या पोराला काही नाही' ही गावाची तक्रार त्यामुळे बरीच बोथट झाली. लहान मुलांसाठी ही सोय उत्तम.

15 ते 17 वयाच्यांना मात्र शिवणकाम, सुतारकाम असे तेच ते धंदे थोड्या महिन्यांत शिकवून कामाची अवजारं दिली. एकाच गावात इतके शिंपी झाल्यावर कपडे शिवून घेणार कोण? बाजारात काय खपतं ते आधी पाहून, निदान वर्षभर उस्तादाच्या हाताखाली ठेवायला हवं होतं.