सहकुटुंब नेपाळ सेवायात्रा : व्यवस्था चोख, हिशेब अपुरा

आमच्या शहरातील एका ख्रिस्ती संस्थेने दिवाळीच्या सुट्टीत आयोजित केलेल्या 'सहकुटुंब नेपाळ सेवायात्रे'त आम्ही पती-पत्नी आणि आमची दोन शाळकरी मुले सहभागी झालो होतो. अशा यात्रेला मुलांना न्यावे की नाही, हा प्रश्न आमच्या मंडळीतील (चर्चमधील) अनेक पालक विचारत असल्यामुळे हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. माणशी शुल्क साठ हजारांच्या घरात होते आणि त्यात विमानप्रवास, निवास, भोजन, जीपभाडे व 'सेवाकार्याचे साहित्य' एवढे सारे धरलेले होते.

प्रवासाच्या व्यवस्थेत नाव ठेवण्यासारखे काही आढळले नाही. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, परंतु विमानाने जाताना प्रौढांकडे पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र असावे लागते. ही सूचना संस्थेने वेळेत दिली आणि कागदपत्रे आधी तपासूनही घेतली. काठमांडूतील निवास साधा, पण स्वच्छ होता. सकाळी दहाच्या सुमारास डाळ-भात-तरकारीचे भरपेट जेवण ही तिकडची रीत असल्यामुळे न्याहारीवाचून मुलांची पहिल्या दिवशी थोडी चुळबुळ झाली, एवढेच.

गंभीर आक्षेप आहे तो पत्रकांविषयी. निघण्यापूर्वीच्या प्रार्थनासभेत प्रत्येक कुटुंबाला नेपाळी भाषेतील सुवार्तापत्रकांचा (ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या पत्रकांचा) एकेक गठ्ठा देण्यात आला आणि बाजारात व बसथांब्यावर ती वाटायची आहेत, असे सांगण्यात आले. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील कलम २६ प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याची मोकळीक देते, मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्यास त्याच कलमात मनाई आहे. २०१८ पासून लागू असलेल्या मुलुकी अपराध संहितेच्या, म्हणजे तेथील फौजदारी कायद्याच्या, कलम १५८ नुसार अशा कृत्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आरोपी परदेशी असल्यास शिक्षा भोगल्यानंतर त्याला देशाबाहेर काढले जाते. यातले एक अक्षरही सभेत कोणी उच्चारले नाही. काठमांडूत आम्हाला घ्यायला आलेल्या स्थानिक पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) ते गठ्ठे पाहिले मात्र, सगळे मागून घेतले आणि कपाटात ठेवून कुलूप लावले. "तुम्ही पुढच्या आठवड्यात घरी असाल, पोलीस आमच्या दारात येतील," असे ते शांतपणे, स्वच्छ हिंदीत म्हणाले. मुलांना सोबत नेणाऱ्या पालकांपासून एवढी मोठी गोष्ट झाकून ठेवणे मला अक्षम्य वाटते.

धादिंग जिल्ह्यातील एका डोंगराळ गावातील मंडळीसोबतचा मुक्काम मात्र फार चांगला झाला. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असल्याने उपासनाही शनिवारी होते. चपला दाराबाहेर, सतरंजीवर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया, मादलाच्या ठेक्यावर गायली जाणारी भजने आणि भेटणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी 'जय मसीह'. नेपाळी पवित्र शास्त्र देवनागरीतच असल्यामुळे आमच्या मुलीने तेथील मुलींमध्ये बसून एक स्तोत्र अडखळत का होईना, मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांनी तिचे उच्चार हसत-हसत दुरुस्त केले. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारीच, दुपारी बाराच्या जरासा आधी झाला. त्या वेळी अनेक मंडळ्या उपासनेसाठी जमलेल्या होत्या. जुन्या दगडी भिंतींच्या जागी आता पत्र्याचे छप्पर आणि सिमेंटचे खांब का आहेत, हे त्या मंडळीतील एका आजींनी आम्हाला खांबावर हात ठेवून सांगितले.

त्याच इमारतीला रंग देणे हे आमचे 'सेवाकार्य' होते. त्याबद्दल मुलांसमोर बोललो नाही, परंतु येथे स्पष्ट लिहितो : गावात रंगारी होता, तो रोजंदारीवर काम करणारा होता, आणि आम्ही दिलेला पहिला हात त्याच्याकडूनच पुन्हा घासून घ्यावा लागला. आमच्या विमानभाड्याच्या एका अंशात ती इमारत आतून-बाहेरून रंगून झाली असती. शुल्कातील किती रक्कम प्रवासावर गेली आणि किती त्या मंडळीच्या हाती पडली, याची फोड संस्थेच्या माहितीपत्रकात नाही. दानपेटी फिरवून ज्यांनी आमच्यासाठी पैसे जमवले त्यांना ही फोड मागण्याचा पूर्ण हक्क आहे.

यात्रेचे मोल कशात असेल तर ते ललितपूर जिल्ह्यातील आनंदबन रुग्णालयाच्या भेटीत. लेप्रसी मिशनने १९५७ मध्ये सुरू केलेले हे कुष्ठरोग रुग्णालय काठमांडूच्या दक्षिणेला टेकडीवर, झाडीत वसलेले आहे. तेथे आम्हाला काहीही करायचे नव्हते, फक्त पाहायचे आणि ऐकायचे होते. कुष्ठरोगात नसा निकामी होऊन पायाची संवेदना जाते, खडा रुतला तरी कळत नाही आणि साध्या फोडाची जखम हाडापर्यंत पोहोचते. म्हणून अशा रुग्णांसाठी मऊ रबरी तळाच्या, खिळे न ठोकलेल्या चपला पायाच्या मापाने बनवाव्या लागतात. कुष्ठसेवेची मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रातून जाऊनही आमच्या मुलांनी हे प्रथमच ऐकले. चपलेला खिळा का नको, हे माझ्या मुलाला तेथे पाच मिनिटांत समजले आणि उरलेल्या प्रवासात त्याने मला त्यावर इतके प्रश्न विचारले की माझी उत्तरे संपली.

बारा वर्षांच्या वरची मुले असतील आणि यात्रेकडे शिकण्याची संधी म्हणून पाहणार असाल, तर जरूर जा. मदत करण्याचाच हेतू असेल, तर तेवढी रक्कम थेट पोहोचवणे अधिक उपयोगाचे ठरेल. नाव नोंदवण्यापूर्वी कार्यक्रम कोणी आखला आहे, हे संस्थेला विचारा आणि शक्य असल्यास तेथील पाळकांशी स्वतः फोनवर बोला. पत्रकांचा प्रकार आणि खर्चाची फोड या दोन्ही गोष्टी मी संस्थेला लेखी कळवल्या. पुढील यात्रेतून पत्रकवाटप वगळल्याचे उत्तर आले आहे. खर्चाबद्दलच्या पत्राला मात्र अद्याप उत्तर नाही.