होमस्टेचं धुणं आणि फ्रंट लोड मशिन: चौदा महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. रंकाळा जवळ, अंबाबाईचं देऊळ चालत पंधरा मिनिटांवर. पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी केली आणि सुरुवात केली. न्याहारी मी स्वतः करते, कधी उप्पीट, कधी थालीपीठ, रविवारी मिसळ. त्या कामाचं मला कधी ओझं वाटलं नाही. ओझं वाटायचं ते धुण्याचं. म्हणून मागच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर ८ किलोचं फ्रंट लोड मशिन घेतलं, १४०० आरपीएमचं (म्हणजे पिळताना मिनिटाला १४०० फेरे घेणारं), आत हीटर असलेलं. चौदा महिने ते जवळजवळ रोज चाललंय. मध्ये दोन नवरात्रं, एक जोतिबाची यात्रा आणि एक अख्खा पावसाळा होऊन गेला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला सांगायचंय ते या जातीच्या कुठल्याही मशिनला लागू पडेल.

आधीची गोष्ट थोडक्यात. पहिलं वर्ष आमच्या कामाच्या मावशी मागच्या अंगणात दगडावर धुवायच्या. दुसऱ्या वर्षी चादरी बाहेर लाँड्रीत द्यायला लागलो. परीटघडीच्या यायच्या खऱ्या, पण दोन दिवस म्हणून चौथ्या दिवशी, आणि सहा महिन्यांत पांढऱ्या चादरींवर पिवळट झाक आली. एकदा चार अभ्रे दुसऱ्याच कुणाचे आले. दहाला एक पाहुणे जातात, बाराला दुसरे दारात. अशा वेळी कपाटात चादर नसणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं.

दुकानात मी पहिला प्रश्न विचारला तो किलोचा. सगळेच विचारतात. आता वाटतं, तो तिसरा किंवा चौथा प्रश्न असायला हवा होता. ८ किलो म्हणजे कोरड्या सुती कपड्यांचं वजन, आणि तेही पूर्ण लांबीच्या कॉटन प्रोग्रॅमला. क्विक वॉशला निम्म्याहूनही कमी भरावं लागतं. मी घरी वजनकाट्यावर सगळं टाकून बघितलं. डबल बेडची सुती चादर ८०० ग्रॅम, दोन अभ्रे २००, दोन मोठे टॉवेल मिळून जवळजवळ १ किलो, दोन नॅपकिन २०० आणि पायपुसणं ४००. म्हणजे एका खोलीचे २ किलो ६०० ग्रॅम आणि तिन्हींचे ७ किलो ८०० ग्रॅम. कागदावर एका फेरीत बसतं. पण पायपुसणं आणि अभ्रा एकत्र धुवायला माझं मन घेत नाही, आणि दोहर बदलायची असली तर एकेक सव्वा किलोची. त्यामुळे तिन्ही खोल्या एकदम रिकाम्या झाल्या की दोन फेऱ्या धरायच्याच. शिवाय चादरी घडीसकट आत टाकल्या की त्यांचा गोळा होतो, टॉवेल त्यात अडकतात आणि गोळ्याच्या पोटातलं कापड नीट धुतलंच जात नाही. आता एकेक चादर झटकून, सैल सोडून टाकतो आणि वर वीतभर जागा ठेवतो.

मशिन कुठं ठेवायचं, यात माझी चूक झाली. वाळत घालायला सोपं म्हणून ते गच्चीलगतच्या खोलीत बसवलं. पाण्याची टाकी तिथून जेमतेम पाच फूट वर. मशिनला पाणी दोरीसारखं बारीक यायचं आणि दर दोन दिवसांनी पाणी मिळत नसल्याची खूण लागून ते मध्येच थांबायचं. अशा मशिनला पाण्याचा ठरावीक दाब लागतो, आणि दहा फुटांच्या उंचीनं साधारण ०.३ बार एवढाच दाब मिळतो. मला पाच फुटांत किती मिळत असणार? तीन आठवडे त्रास काढून मशिन खाली जुन्या न्हाणीत आणलं. त्या दिवसापासून पाण्याची तक्रार नाही.

पण मग ओल्या चादरी दोन मजले वर न्यायच्या कुणी? मावशींचे गुडघे दुखतात. अंगणात आमचा जुना आड आहे, त्याची लोखंडी कप्पी माळ्यावर पडून होती. ती गच्चीच्या कठड्याला बसवून घेतली, दोर आणि टोपली लावली. मी खालून टोपली भरते, मावशी वरून ओढून घेतात. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त उपयोगाची वस्तू कुठली विचाराल तर मी मशिनच्या आधी त्या कप्पीचं नाव घेईन.

धुण्याबद्दल मशिनला मी पैकीच्या पैकी गुण देते. टॉवेल ६० अंशांवर, चादरी ४० वर, रंगीत दोहरी गार पाण्यात. सबमीटरवर बघितलं तर ६० अंशांच्या फेरीला सव्वा युनिटच्या आसपास जातं, गार पाण्याच्या फेरीला पाव युनिटही नाही. आमच्या नळाला आता काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी येतं, ते मऊ आहे, दोन चमचे पावडर पुरते. एप्रिलमध्ये काही दिवस नळाला पाणी नव्हतं म्हणून आडाचं वापरलं, तर टॉवेल पापडासारखे कडक झाले आणि पांढऱ्यावर राखट झाक आली. तेव्हा १०० ग्रॅम लिंबूसत्व टाकून मशिन ६० अंशांवर रिकामं फिरवलं. आता दर दोन महिन्यांनी तेच करते. सुगंधी सॉफ्टनर मात्र टॉवेलला घालू नका. टॉवेल मऊ लागतो, पण पाणी टिपत नाही. एका पाहुण्यांनी हे तोंडावर सांगितलं आणि ते बरोबरच होतं.

डाग काढणं मात्र अजूनही हाताचंच काम आहे. खोली आवरताना मावशी चादर उजेडात धरून बघतात आणि डाग दिसला की त्या कोपऱ्याला गाठ मारतात. मग सगळ्याचं गाठोडं बांधून खाली. गाठ दिसली की ते कापड आधी बादलीत, मशिनमध्ये नंतर. बारा चादरींच्या ढिगात अंधाऱ्या न्हाणीत डाग शोधत बसावं लागत नाही. ही युक्ती त्यांची, माझी नाही.

तांबड्या रश्श्याचा पहिला डाग मला पाठ आहे. पाहुण्यांनी रात्री पार्सल आणलं आणि पांढऱ्या चादरीवर वाटी कलंडली. सकाळी मावशींनी साबण लावला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. "वैनी, ही तर तांबडीभडक झाली की ओ!" त्या हात आखडून उभ्या. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "घाबरू नको गं. हळदीला चुना लागला की कुंकू हुतंय, तसंच हे. तेल काढ आधी, मग उन्हात टाक दोन दिवस." खरंच तसंच आहे. हळदीचा रंग क्षाराच्या संगतीनं लाल होतो आणि साबणात क्षार असतोच. आधी भांड्याचा लिक्विड साबण चोळून तेल काढलं, मग ४० अंशांवर धुतलं, मग गच्चीवर कडक उन्हात. पहिल्या संध्याकाळी डाग फिका, दुसऱ्या संध्याकाळी शोधावा लागला. हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही. मिसळीच्या कटाचंही असंच.

गुलालाचं गणित उलटं आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावरून आलेला माणूस नखशिखांत गुलाबी असतो, आणि दमून तसाच गादीवर टेकतो. त्याला काय बोलणार? देवाचं करून आलेला असतो. गुलालाला आधी पाणी लावायचं नाही. चादर अंगणात नेऊन कोरडीच झटकायची, मग गार पाण्यात वेगळी खळबळायची आणि नंतर मशिनमध्ये, तीही एकटी. गरम पाणी नको. मशिनच्या आधी, पहिल्या वर्षी, एक अभ्रा इतर कपड्यांत गेला आणि सहा टॉवेल गुलाबी निघाले. या वर्षी यात्रेसाठी गडद मरून चादरींचे तीन जोड वेगळेच केलेत, आणि दाराशी पाण्याची बादली, तांब्या आणि जुनं धोतर ठेवतो. "अंगणातच झटकून घ्या, मग आत या" म्हटलं की कुणी वाईट वाटून घेत नाही.

पावसाळ्यात मात्र खरी परीक्षा झाली. जून ते सप्टेंबर मशिन नेहमीसारखंच धूत होतं, आणि धुतलेलं ठेवायचं कुठं हा प्रश्न रोज वाढत होता. कोल्हापूरचा जुलै सलग आठ-आठ दिवस ऊन दाखवत नाही. माळ्यावर पत्र्याखाली दोऱ्या बांधल्या, पंखा लावला, तरी जाडे टॉवेल दुसऱ्या दिवशी ओलेच. मावशी रोज सकाळी चाचपून यायच्या आणि जिन्यातूनच सांगायच्या, "वैनी, मी वर जाऊन आलो, अजून वल्लंच हाय." ओला टॉवेल दीड दिवस राहिला की कुबट वास धरतो, आणि मग तो पुन्हा धुवावा लागतो. म्हणजे मशिन आहे म्हणून काम कमी होण्याऐवजी वाढलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी धुण्याचा विचार करून मशिन घेतलं, वाळवण्याचा केलाच नव्हता. १४०० आरपीएम हा आकडा मी दुकानात कानाआड केला होता, आणि पावसाळ्यात तोच कामाला आला. टॉवेल धुऊन झाले की नुसतं पिळण्याचं बटण पुन्हा एकदा लावायचं, पूर्ण वेगानं. चादरी १००० वरच, नाहीतर इतक्या चुण्या पडतात की इस्त्रीवाल्याला दोष देता येत नाही. दुसरा बदल टॉवेलचा. हॉटेलसारखं वाटावं म्हणून मी ६०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचे) जाडजूड घेतले होते. ते बाजूला ठेवून सोलापूरचे ४०० जीएसएमचे आणले. तेवढ्याच मापाचा टॉवेल दोनशे ग्रॅमनं हलका. पंख्याखाली रात्री घातला की सकाळी कोरडा. सोबत एक सुती पंचाही ठेवते. म्हातारी मंडळी टॉवेल न उलगडता पंचाच वापरतात, आणि पंचा चार तासांत वाळतो. हळदीचे डाग मात्र जुलैत निघत नाहीत. गाठ मारलेल्या चादरी सप्टेंबरच्या उन्हाची वाट बघत वेगळ्या ठेवायच्या.

पावसाळ्याचा आणखी एक धडा आम्हाला २०१९ आणि २०२१च्या पुरानं आधीच दिला होता. तेव्हा पाणी उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि बाहेर पूर असताना शहराचे नळ कोरडे पडले. एका फेरीला पन्नास-साठ लिटर पाणी लागणारं मशिन तेव्हा काय कामाचं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेली की बुकिंग रद्द करणारे फोन येतात, पण आत असलेल्या पाहुण्यांना चादर द्यावीच लागते. म्हणून प्रत्येक खोलीमागं एक जोड गादीवर, एक धुण्यात, एक कपाटात असे तीन, आणि जून ते सप्टेंबर चौथा. सगळे पांढरे आणि एकाच मापाचे, म्हणजे कुठलाही अभ्रा कुठल्याही चादरीला चालतो.

बिघाड एकच झाला, पण नेमका या नवरात्रात, ललितापंचमीच्या आदल्या दिवशी. पाणी बाहेर टाकणारा पंप बंद पडला. कंपनीचा माणूस "उद्या येतो" म्हणत सहाव्या दिवशी आला. तिन्ही खोल्या भरलेल्या, आणि चादरी पुन्हा दगडावर. मावशींनी आणि मी पहाटे साडेपाचला धुतल्या. मला याचा राग आहे आणि तो मी त्यांना लेखी कळवलाय. ज्याचा धंदा या मशिनवर चालतो त्याला सहा दिवस परवडत नाहीत. दुरुस्तीच्या वेळी फिल्टर उघडला तर आत खोबऱ्याचा एक तुकडा, दोन सेफ्टी पिना आणि एक रुपयाचं नाणं. खोबरं अर्थातच जोतिबाचं, म्हणजे एप्रिलपासून तिथंच होतं. आता दर सोमवारी फिल्टर मीच उघडते, खाली ताट धरून. दाराचं रबर शेवटच्या फेरीनंतर कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि दार चार बोटं उघडं ठेवायचं, हे मी पावसाळ्यात आठवडाभर विसरले तेवढ्यात रबराच्या घडीत काळी बुरशी आली. ती घासून गेली, डाग राहिला.

सकाळचा क्रमही मशिनमुळे बदलला. आधी मी न्याहारी उरकून धुण्याकडे वळायचे. आता साडेपाचला आदल्या दिवशीचे टॉवेल लावून मग पोळपाट काढते. थालीपिठं होईपर्यंत टॉवेल टोपलीत असतात. खोल्या दहाला रिकाम्या झाल्या की चादरी आत, साडेबाराला दोरीवर. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्या तीनला कोरड्या मिळतात. मावशी दुपारी दोनला घरी जातात, पूर्वी पाच वाजायचे. पगार तोच ठेवलाय, कारण काम त्यांनी कमी केलं नाही, मशिननं केलं.

पुन्हा घ्यायचं झालं तर हेच घेईन का? हो, फ्रंट लोडच, ८ किलोचंच. फक्त दुकानात आधी पिळण्याचा वेग विचारेन, मग पाण्याचा किमान दाब, मग दुरुस्तीचा माणूस कोल्हापुरातच राहतो की बाहेरून येतो हे, आणि सगळ्यात शेवटी किलो. ड्रायर घ्यावा असं मुलगा म्हणतो. तो वर्षातले चार महिने लागेल आणि आठ महिने जागा अडवेल, म्हणून त्याच पैशांत गच्चीच्या अर्ध्या भागावर पारदर्शक पत्रा घालायचं ठरवलंय, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवून. सुताराला मे महिना सांगितलाय. त्याआधी याच आठवड्यात अंबाबाईचा किरणोत्सव आहे, मावळतीची किरणं देवीवर पडतात तो, ९ ते ११ नोव्हेंबर, तिन्ही खोल्या गेल्या आहेत, आणि कपाटात नऊच्या नऊ जोड घडी घालून तयार आहेत.