पोस्ट उडाली, आता दाद कुठे? तक्रार अपील समितीच्या पोर्टलची पारख

तपोवनातली झाडं साधुग्रामासाठी तोडायची की ठेवायची, यावर २०२५च्या अखेरीस नाशिकमध्ये रस्त्यावर आंदोलन झालं, तसं मोबाइलवरही झालं. कुंभमेळा २०२७मध्ये आहे. म्हणजे घाट, रस्ते, गोदावरीचं पाणी यांवरून अजून बरीच खडाजंगी व्हायची आहे. अशा खडाजंगीत कुणाची पोस्ट उडते, कुणाचं खातं बंद पडतं, आणि मग दुसऱ्या खात्यावरून ‘मुस्कटदाबी’चा घोष सुरू होतो. घोष करायला हरकत नाही, पण त्याने पोस्ट परत येत नाही. ती परत मागण्याची सरकारी खिडकी म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीचं पोर्टल. पत्ता जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन. १ मार्च २०२३पासून ते चालू आहे.

आमच्याकडून पाचपैकी तीन तारे. दोन का कापले ते पुढे येईलच. आधी सेवा नेमकी काय आहे ते पाहू, कारण नापसंतीच्या बऱ्याच शेऱ्यांचं मूळ चुकीच्या अपेक्षेत असतं.

माहिती तंत्रज्ञान नियम २०२१मध्ये २८ ऑक्टोबर २०२२ला दुरुस्ती होऊन ‘३ अ’ हा नियम आला आणि २७ जानेवारी २०२३ला तीन समित्या अधिसूचित झाल्या. प्रत्येकीत एक अध्यक्ष आणि दोन पूर्णवेळ सदस्य. तिघांपैकी एक पदसिद्ध, दोघे स्वतंत्र. फेसबुक, यूट्यूब, एक्स यांसारख्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दिलेला निर्णय पटला नाही, तर त्याविरुद्ध इथे अपील करायचं. दाखल करण्यापासून निकालापर्यंत सगळं ऑनलाइन. दिल्लीला जावं लागत नाही आणि नियमात वकिलाची अट नाही. तुमची पोस्ट काढली म्हणून जसं अपील करता येतं, तसंच दुसऱ्याने टाकलेला तुमच्याबद्दलचा मजकूर काढला नाही म्हणूनही करता येतं. ही दुसरी बाजू फार जणांच्या लक्षात येत नाही.

अपील आहे म्हणजे आधी खालच्या पायरीवरचा निर्णय हवा. घसरगुंडी इथेच आहे. पोस्ट काढल्याची सूचना येते, तिच्याखाली ‘रिक्वेस्ट रिव्ह्यू’चं बटण असतं. लोक ते दाबतात, नकार आला की थेट पोर्टलवर येतात आणि अडकतात. ते बटण म्हणजे कंपनीच्याच यंत्रणेला ‘पुन्हा बघ’ म्हणणं. तक्रार अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार ती नव्हे. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीला भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. तो ॲपमध्ये सहज दिसत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर मदत किंवा अटींच्या पानांत भारतासाठीचा भाग शोधावा लागतो. कुठे ईमेल असतो, कुठे फॉर्म. बटणही दाबा आणि या अधिकाऱ्यालाही लिहा. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवायला आडकाठी नाही.

अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची, आणि मोठ्या कंपनीने प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, असा नियम आहे. तो क्रमांक म्हणजे पुढच्या सगळ्या प्रवासाचं तिकीट. निर्णयाची मुदत २०२१च्या नियमांत १५ दिवस होती, फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीने ती ७ दिवसांवर आली. निर्णय हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं, आणि समितीने ते शक्यतो ३० दिवसांत निकाली काढायचं. यातला ‘शक्यतो’ लक्षात ठेवा, समितीवर तारखेचं बंधन तेवढंच आहे. तुमच्यावर मात्र ३० दिवसांचं बंधन पक्कं आहे आणि घड्याळ उत्तर मिळाल्यापासून चालू होतं. उत्तर स्पॅममध्ये पडून राहिलं की दिवस तिथेच जळतात. त्यामुळे तक्रार केल्यापासून रोज स्पॅम आणि प्रमोशन हे दोन्ही कप्पे उघडायचे.

उत्तर आलंच नाही तर? नियमात शब्द ‘निर्णय’ असा आहे, त्यामुळे मौन ही अवघड जागा. अशा वेळी मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी क्रमांक घालून स्मरणपत्र पाठवावं, आणि मग पोच व स्मरणपत्र दोन्ही जोडून ‘मुदतीत निर्णय न देणं हाच नकार’ अशी मांडणी करावी. पोचच जपली नसेल तर या मांडणीला पायाच उरत नाही.

आता तक्रारीचा मजकूर. खरी मेहनत इथे लागते. ‘माझ्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घातला आहे, मी निषेध करतो’ अशी दोन पानं लिहिली तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. घटनेचं कलम १९(१)(अ) मुळात सरकारविरुद्धचं संरक्षण म्हणून घडलं आहे, कंपनी त्यावर हात झटकू शकते. पण कलमाचा आधार घ्यायचाच असेल, तर २०२२च्या दुरुस्तीत नियम ३(१)मध्ये ‘एन’ हा खंड आला, ज्यात कंपन्यांनी कलम १४, १९ आणि २१ खालच्या हक्कांचा मान राखावा असं म्हटलं आहे. बोट त्या खंडावर ठेवा. त्याहून जास्त कामाचा नियम ४(८). मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढला, तर त्याआधी कारणासह कळवलं पाहिजे आणि म्हणणं मांडायची पुरेशी संधी दिली पाहिजे. सूचनेत नुसतं ‘समुदाय मानकांचं उल्लंघन’ एवढंच असेल, कुठलं वाक्य आणि कुठलं मानक ते नसेल, तर हा नियम सगळ्यात धारदार.

मजकूर एका पानात बसवा. पहिल्या परिच्छेदात तथ्य: खात्याचं नाव, पोस्टची लिंक, टाकल्याची तारीख-वेळ, काढल्याची तारीख-वेळ. दुसऱ्यात कंपनीने दिलेलं कारण तिच्याच शब्दांत, आणि तिच्या मानकातलं मूळ वाक्य. तिसऱ्यात ते वाक्य या पोस्टला का लागू होत नाही. शेवटी मागणी, एकच: पोस्ट पूर्ववत करा, किंवा खातं चालू करा. नुकसानभरपाई, माफीनामा, दंड असलं काही मागू नका. समितीला तो अधिकार नाही.

मराठी पोस्ट असेल तर आणखी एक काम वाढतं. छाननीचा पहिला हात यंत्राचा असतो आणि यंत्राला आपली बोली कळत नाही. लासलगावच्या लिलावानंतर कुणी लिहिलं, ‘व्यापाऱ्यांनी आज भावाला मारलं’, तर त्यातला भाव कांद्याचा की आईच्या पोटचा हे विभक्ती लागल्यावर मराठी माणसालाही संदर्भानेच कळतं. यंत्र भाषांतर करून मोकळं होतं, आणि पोस्ट हिंसेच्या खाती जमा. ‘पालिकेची तिरडी बांधा’, ‘साहेबांना गोदेत बुडवा’ ही तर उघडच संकटं. म्हणून मूळ ओळ, तिचं शब्दशः इंग्रजी भाषांतर आणि तिसऱ्या ओळीत खरा अर्थ, असं तीन ओळींत मांडून जोडावं. आधीच्या दोन-तीन पोस्ट किंवा त्या दिवशीची बाजारभावाची बातमी जोडली तर संदर्भ आपोआप उभा राहतो. उपरोध ‘उपरोध आहे’ असं सांगून सिद्ध होत नाही, आजूबाजूचं दाखवावं लागतं.

पुराव्याबाबत सगळ्यात मोठी चूक म्हणजे कापलेला स्क्रीनशॉट. सुंदर दिसावा म्हणून वरची पट्टी छाटतात आणि तारीख, खात्याचं नाव, पत्ता सगळं जातं. संगणकाच्या ब्राउझरमध्ये पान उघडा, पत्त्याची पट्टी आणि घड्याळ दिसेल असा पूर्ण पडदा घ्या. वर खाली सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंगही करा. फोनवरून ‘कॉपी लिंक’ करून पत्ता वेगळा लिहून ठेवा. स्वतःची पोस्ट आधीच उडाली असेल तर खात्याच्या सेटिंगमधून ‘माझी माहिती डाउनलोड करा’ ही सोय वापरा. नियमानुसार काढलेला मजकूर कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपायचा असतो, म्हणून पोलिसांत किंवा कोर्टात जायचं असेल तर सहा महिन्यांची हद्द डोळ्यांपुढे हवी. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र लागतं. त्यात ‘अ’ भाग पुरावा देणाऱ्याचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाचा, आणि दोन्हीत फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा सांकेतिक आकडा. विंडोजवर ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने एसएचए-२५६ हॅश मिनिटभरात निघतो. फाइल व्हॉट्सॲपवरून फिरवली की दाबली जाते आणि हॅश बदलतो, म्हणून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून द्या, फिरवायची ती प्रत वेगळी.

या खिडकीवर काय घेत नाहीत, तेही सांगायला हवं. सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली रोखलेला मजकूर हा तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय नसतो, त्यामुळे इथे त्याचं अपील नाही, वाट उच्च न्यायालयाची. पोलिसांची नोटीस आली असेल तर हे पोर्टल निरुपयोगी. ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची असेल तर दिलेल्या तारखेला हजर राहणं भाग आहे, टाळलं तर अटकेची वाट मोकळी होते. नाशिकला हद्दही बघावी लागते: पंचवटी, सिडको, सातपूर शहर आयुक्तालयात, मालेगाव-निफाड ग्रामीणमध्ये. नोटिशीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षेचं) दिसलं तर ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलेलं आहे, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये त्याखाली खटले चालवू नका असं पुन्हा बजावलं आहे. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला दुसऱ्याच्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्पष्ट केलं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘ॲडमिन जबाबदार’ म्हणून दरडावणाऱ्यांना एवढं पुरे.

कॉपीराइटच्या दाव्यावर उडालेल्या व्हिडिओसाठीही वेळ इथे घालवू नका. यूट्यूबवर प्रतिसूचना (काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे दावा चुकीचा असल्याचं लेखी उत्तर) भरा. दावा करणाऱ्याने कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. प्रतिसूचनेत खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो समोरच्याला जातो, हे आधी ठाऊक असू द्या. फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी त्यांच्या कंपनीने, मेटाने, स्थापलेलं ओव्हरसाइट बोर्ड हे निर्णय तपासणारं मंडळही आहे. कंपनीच्या अंतिम निर्णयापासून १५ दिवसांची मुदत. पण ते मोजकीच प्रकरणं उचलतं, लॉटरीच म्हणा.

आता कापलेले दोन तारे. पहिला रचनेसाठी. समित्या केंद्र सरकार नेमतं, आणि मजकूर काढा असे आदेश देणाराही केंद्र सरकारच. फेब्रुवारी २०२६पासून सरकारी किंवा न्यायालयीन आदेशानंतर मजकूर काढायला कंपन्यांना ३६ऐवजी ३ तास मिळतात. इतक्या घाईत कंपनी आधी काढते, विचार नंतर. सरकारवरच्या टीकेची पोस्ट उडाली आणि अपील सरकारी समितीपुढे, हा पेच उरतोच. सरकारविषयीचा मजकूर खरा की खोटा हे सरकारनेच ठरवण्याचा ‘फॅक्ट चेक’चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केला, तेव्हा ही शंका निव्वळ कुरकुर नव्हे.

दुसरा तारा धाकासाठी. समितीचा आदेश कंपनीने पाळायचा आणि तसा अहवाल आपल्या संकेतस्थळावर टाकायचा, एवढं नियमात आहे. नाही पाळला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चं संरक्षण (वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार न धरण्याचं) जाऊ शकतं, पण ते अंमलात आणायला पुन्हा कुणीतरी कोर्टाची पायरी चढायला हवी. आदेश आपल्या बाजूने आला तर त्याची प्रत त्याच तक्रार क्रमांकासह अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा आणि पोस्ट परत आल्याची तारीख टिपून ठेवा.

राहिलेले तीन तारे प्रामाणिक कमाईचे. खातं हॅक होऊन बंद पडलेलं, दुकानाचं पान कारण न देता उडालेलं, कुणीतरी तुमच्या नावाने तोतया खातं काढलेलं, अशा राजकारण नसलेल्या प्रकरणांत घरबसल्या करता येण्याजोगा याहून सोपा सरकारी मार्ग नाही. कॉलेज रोडवरच्या केकवाल्यापासून पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदारापर्यंत ज्यांचा धंदा पानावर चालतो, त्यांनी तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता आजच शोधून ठेवावा. पान बंद झाल्यावर त्याच खात्याच्या आतली मदत उघडत नाही.

अपील फेटाळलं तर पुढे घटनेच्या कलम २२६खाली उच्च न्यायालयात याचिका. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतो, संभाजीनगरच्या खंडपीठाकडे नाही. तेव्हा सकाळची पंचवटी एक्सप्रेस, आणि पिशवीत चार कागद: तक्रारीची पोच, अधिकाऱ्याचा निर्णय, समितीचा आदेश आणि तो न कापलेला स्क्रीनशॉट.