कॉक्लिअर इम्प्लांट: ऐकण्यासोबत बोलणं किती सुधारतं?

मोठेपणी ऐकू येणं बंद झालेल्यांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं यंत्र, घेताना घरचे एकच विचारतात, किती ऐकू येईल? बोलणं किती सावरेल, हेही तितक्याच आग्रहाने विचारायला हवं.

आवाजाच्या जोरावर या यंत्राचा परिणाम सर्वांत चांगला. स्वतःचा आवाज कानावर पडेनासा झाला की माणूस नकळत ओरडून, चढ्या पट्टीत बोलू लागतो. प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा कानाबाहेर लावायचा भाग, सुरू झाल्यावर हा जोर बऱ्याच जणांचा लवकर उतरतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये हार्लन लेन, जोसेफ पर्केल आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात प्रोसेसर चालू-बंद करून हे मोजलं.

उच्चारांना मात्र महिने लागतात. 'स' आणि 'श' आधी एकमेकांत मिसळलेले असतात. 'स'चा जोर साधारण ४,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये असतो आणि इतके उंच ध्वनी कॉक्लिआच्या (आतल्या कानातल्या शंखाच्या) तोंडाजवळचे इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे संकेत देणारे बारीक टोक, पोचवतात. त्यातले काही बंद ठेवावे लागले तर तो पट्टा उरलेल्यांवर वाटला जातो, मग 'सारा' आणि 'शारा' कानाला जवळजवळ सारखेच.

सुरांचे चढउतार ही खरी कमजोरी. यंत्र आवाजाचा ढोबळ आकार नीट देतं, स्वराची बारीक उंची फार कमी देतं. म्हणून 'आलास.' आणि 'आलास?' यांत फरक करायला शिकवताना स्पीच थेरपिस्टने पडद्यावर स्वराची रेघ दाखवावी. प्राटसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. गाण्याच्या बाबतीत फार आशा देऊ नये.

बोलण्याचा जोर बिघडला तर दोष बहुधा मॅपिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी त्या माणसासाठी ठरवण्यात, असतो. कमाल पातळी जास्त ठेवली तर स्वतःचाच आवाज मोठा वाटून माणूस पुटपुटतो. कमी ठेवली तर ओरडतो. तोंडापासून एक मीटरवर आवाज मोजणारं ॲप चालू केलेला फोन ठेवून एकच परिच्छेद वाचून घ्यावा. ६० डेसिबलच्या आसपास ठीक. ॲपचा आकडा नेमका नसतो, म्हणून दर वेळी तोच फोन, तीच खोली. मॅपिंग बदलायच्या आधी मायक्रोफोनचं कव्हर बघा: पावसाळ्यात घाम आणि दमटपणाने ते बुजतं, उंच ध्वनी आधी जातात आणि 'स' बोथट होतो. रात्री प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये (ओलावा शोषणाऱ्या डबीत) ठेवावा.

यंत्राच्या ब्रँडांमध्ये न्यूक्लिअसचे २२, ॲडव्हान्स्ड बायोनिक्सचे १६, मेड-एलचे १२ इलेक्ट्रोड, या आकड्यांवरून निवड करू नका. पहिल्या वर्षाची किती मॅपिंग सत्रं आणि किती स्पीच थेरपी किमतीत धरली आहे, हे कोटेशनवर लिहून घ्या.