कराटे शिकवणारे कोण आहेत: चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

कराटेचा वर्ग निवडताना आपण बहुधा जागा, वेळ आणि शुल्क एवढेच पाहतो. या वर्गात मी १४ महिन्यांपूर्वी माझ्या मुलीसह प्रवेश घेतला, तो मात्र तिथल्या प्रशिक्षकांची सविस्तर चौकशी करून. त्याला कारण होते. याआधी दोन वर्षे मी दुसऱ्या एका ठिकाणी शिकत होतो. तिथे दर तीन महिन्यांनी परीक्षा होत असे, बसलेला प्रत्येक जण उत्तीर्ण होत असे, आणि प्रमाणपत्रावर ज्या संघटनेचे नाव छापलेले असे तिचे अध्यक्ष, परीक्षक आणि एकमेव प्रशिक्षक हे एकच गृहस्थ होते. शिकवण्यात काही उणे आहे हे मला तेव्हा कळले नाही, कारण तुलना करण्यासारखे दुसरे काही मी पाहिलेच नव्हते. कळले ते गुडघा दुखू लागल्यावर. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा पाय वाकवून घेतलेल्या लांब पवित्र्यात, पुढचा गुडघा आतल्या बाजूला झुकू देण्याची सवय मला जडली होती आणि दोन वर्षांत ती कोणी एकदाही दुरुस्त केली नव्हती.

म्हणून येथे आल्यावर पहिल्याच भेटीत मी मुख्य प्रशिक्षकांना विचारले, ‘सर, तुमची शेवटची परीक्षा कोणी घेतली?’ प्रश्न आगाऊपणाचा होता, पण त्यांना तो मुळीच खटकला नाही. त्यांनी चारही डॅनची, म्हणजे काळ्या पट्ट्यातील चढत्या श्रेणींची, प्रमाणपत्रे आणून दाखवली, प्रत्येकावरची तारीख आणि ते देणाऱ्या संघटनेचे नाव वाचून दाखवले, आपण कोणाकडे किती वर्षे शिकलो आणि स्वतंत्रपणे शिकवायला केव्हा सुरुवात केली तेही सांगितले. ३१ वर्षांचा सराव आणि चौथा डॅन, हा हिशेब अनेकांना कमी वाटेल. मला मात्र त्यातूनच विश्वास वाटला. बऱ्याच संघटनांमध्ये एका डॅननंतर पुढच्या डॅनला बसण्यासाठी ठरावीक वर्षे थांबावे लागते आणि डॅन जसा वाढतो तसा हा काळही वाढत जातो. ज्यांच्या दोन प्रमाणपत्रांमधले अंतर महिन्यांत मोजावे लागते, त्यांच्याबद्दल शंका घ्यायला जागा असते. या सरांच्या तिसऱ्या आणि चौथ्या डॅनमध्ये नऊ वर्षे गेली आहेत, आणि मधल्या काळात ते एकदा अनुत्तीर्ण झाले होते हेही त्यांनी न विचारता सांगितले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण पट्ट्याच्या रंगाबद्दल पालकांमध्ये बराच गैरसमज आहे. डॅनची पद्धत कराटेत मुळात नव्हतीच. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी ती आपल्या कलेसाठी रूढ केली होती. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले आणि तिथेच राहून शिकवायला सुरुवात केली. कराटेतील पहिले डॅन त्यांनी १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना दिले. म्हणजे फुनाकोशींचे स्वतःचे गुरू, आंको इतोसू आणि आंको आझातो, यांच्यापाशी दाखवायला कुठलाही डॅन नव्हता. कोण कोणाकडे शिकला आणि किती काळ शिकला, एवढीच ओळख पुरेशी होती. शिवाय काळा पट्टा मिळणे आणि शिकवण्याची पात्रता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या जपान कराटे असोसिएशनमध्ये डॅन वेगळा, प्रशिक्षकाची पात्रता वेगळी, परीक्षकाची वेगळी आणि पंचाची वेगळी. पहिला डॅन हा पायाभूत शिक्षण पुरे झाल्याचा दाखला आहे. तो घेतलेला तरुण उत्तम लढवय्या असेलही, पण आठ वर्षांच्या मुलाला काय शिकवावे आणि काय शिकवू नये, हे त्याला त्या दाखल्याने कळत नाही.

या वर्गातील मुख्य प्रशिक्षकांना ते कळते, आणि हे मी १४ महिन्यांच्या अनुभवावरून लिहीत आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एकही नवे तंत्र दाखवले नाही. त्यांनी मला फक्त उभे केले, पवित्रा घ्यायला लावला, स्वतः खाली बसून माझ्या गुडघ्याची आणि पावलाच्या बोटांची दिशा एक आहे का ते पाहिले, आणि दोष गुडघ्यात नसून मागच्या पायाच्या कमरेजवळच्या सांध्यात आहे असे सांगितले. मागचे पाऊल मी जरुरीपेक्षा जास्त बाहेर वळवत होतो, त्यामुळे कंबर समोर येत नव्हती आणि ती ओढ पुढच्या गुडघ्यावर पडत होती. पाऊल थोडे आत घेतल्यावर तीन महिन्यांत दुखणे थांबले. अशी दुरुस्ती पाठ केलेल्या सूचनांतून येत नाही. शेकडो विद्यार्थ्यांचे पाय पाहिल्याशिवाय ती नजर तयार होत नाही. मुलांच्या बाबतीतही त्यांची भूमिका ठाम आहे. माकिवारावर, म्हणजे ठोसे मारण्याच्या फळीवर, ते लहान मुलांना सराव करू देत नाहीत, कारण वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग कोवळा असतो आणि वारंवार बसणाऱ्या आघाताने त्याला इजा होऊ शकते. काही पालकांना हे मवाळपणाचे वाटते. त्यांच्याशी वाद न घालता सर कारण समजावून सांगतात आणि नियम मात्र बदलत नाहीत.

दुसऱ्या प्रशिक्षिकांची वाट वेगळी आहे. त्या अनेक वर्षे कुमितेच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी समोरासमोर लढण्याच्या, स्पर्धा खेळल्या आहेत आणि पुढे पंच म्हणूनही त्यांनी काम केले आहे. ठोशाला एक गुण (युको), धडावर मारलेल्या लाथेला दोन (वाझा-आरी), डोक्याच्या उंचीवरील लाथेला किंवा खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावरील अचूक प्रहाराला तीन (इप्पोन), हे कोणीही पाठ करून सांगू शकेल. पण गुण का दिला गेला नाही, अंतर कुठे चुकले, प्रहारानंतर हात मागे घेऊन सावध राहणे का मोजले जाते, हे मॅडम ज्या बारकाईने उलगडतात ते स्वतः मॅटवर उभे राहिल्यावाचून येणारे ज्ञान नव्हे. मुलीला स्पर्धेची भीती वाटत असे. मॅडमनी तिला दोन महिने केवळ अंतर राखण्याचे खेळ खेळायला लावले, आणि समोरच्याकडे न पाहता डोळे मिटून घेण्याची तिची सवय गेली. त्यांच्या शिकवण्यात एक उणीव जाणवते: काता, म्हणजे ठरावीक क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची मालिका, त्या घाईने उरकतात. हालचालींचा क्रम पक्का करून घेतात, परंतु त्या हालचालींचा प्रत्यक्षातला अर्थ, ज्याला बुनकाई म्हणतात, तो विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

दोघांच्या शैलीही निराळ्या आहेत. सर शोतोकानचे, तर मॅडम केनवा माबुनी यांनी घडवलेल्या शितो-र्‍यूमधल्या. त्यामुळे सुरुवातीला घरी चांगलाच गोंधळ उडाला. मुलगी एका दिवशी म्हणायची की मी ‘हेइआन शोदान’ शिकले, आणि दुसऱ्या दिवशी तोच काता ‘पिनान निदान’ या नावाने सांगायची. इतोसूंनी रचलेल्या पाच पिनान कातांना फुनाकोशींनी हेइआन हे नाव दिले आणि पहिल्या दोघांची अदलाबदल केली, म्हणून एकाचा पहिला तो दुसऱ्याचा दुसरा. एवढेच असते तर निभावले असते. पण जिथे शोतोकानमध्ये मागच्या पायावर भार देऊन लांब पवित्रा घेतात, तिथे शितो-र्‍यूमध्ये बऱ्याचदा नेकोआशी-दाची हा आखूड पवित्रा येतो, आणि नवख्या मुलाने यातले कोणते खरे मानावे? मी ही अडचण सांगितल्यावर दोघांनी एकत्र बसून ठरवले की हिरव्या पट्ट्यापर्यंत सर्व काता शोतोकान पद्धतीनेच शिकवायचे आणि फरकाची ओळख त्यानंतर करून द्यायची. अनुभवी माणसे एकमेकांच्या शैलीला कमी न लेखता असा निर्णय घेतात, हे पाहून मला फार बरे वाटले.

तक्रार आहे ती तिसऱ्या फळीबद्दल. सर किंवा मॅडम नसतील त्या दिवशी लहान मुलांचा वर्ग तपकिरी पट्ट्याचे विद्यार्थी घेतात. ही मुले कष्टाळू आणि प्रेमळ आहेत, वरिष्ठ विद्यार्थ्याने म्हणजे सेनपाईने कनिष्ठांना मदत करणे ही या कलेची जुनी रीतही आहे. पण मदत करणे आणि पंचवीस मुलांची जबाबदारी एकट्याने घेणे यात अंतर आहे. एकदा अशाच वर्गात दोन मुलांची डोकी एकमेकांवर आपटली, आणि खेळ तिथेच थांबवून मुलांना बाजूला बसवायला हवे होते ते झाले नाही. सुदैवाने इजा किरकोळ होती. सरांनी त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली, दोन सेनपाईंना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्यायला लावले, आणि आता प्रौढ प्रशिक्षक नसताना मुलांचा कुमितेचा सराव होत नाही. तरीही कोणत्या दिवशी कोण शिकवणार हे वेळापत्रकावर आजही लिहिलेले नसते. पालकांनी ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

जागा स्वच्छ आणि पुरेशी आहे, मॅट सुस्थितीत आहेत. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

परीक्षेबद्दल मात्र लिहिले पाहिजे. येथे परीक्षा घ्यायला सरांचे स्वतःचे वरिष्ठ बाहेरून येतात, आणि त्या दिवशी सकाळच्या सत्रात सर विद्यार्थ्यांच्या रांगेत उभे राहून त्यांच्याकडून दुरुस्त्या घेतात. मागच्या परीक्षेत माझी मुलगी उत्तीर्ण झाली नाही. परीक्षकांनी निकालाच्या कागदावर एकच ओळ लिहिली होती, ‘वळताना नजर आधी, पाऊल नंतर’, आणि सरांनी ती ओळ तिला मॅटवर चार वेळा करून दाखवली. ती दोन दिवस रुसली होती. पुढची परीक्षा दोन महिन्यांवर आहे, आणि सध्या ती बैठकीच्या खोलीत रोज तेच वळण गिरवत असते.