सुंदरबन बोट टूर, 2 रात्री 3 दिवस: वाघ नाही दिसला, तरी पैसे वसूल

आधीच सांगते, टूरवाल्याचं नाव लिहिणार नाहीये, कारण थोडी तक्रार पण करायचीय आणि मला भांडण नकोय. तसंही तिकडे सगळ्यांचं पॅकेज उन्नीस-बीस सारखंच असतं, कोलकात्याहून सकाळी गाडी, तीनेक तासांनी गोदखाली, तिथून बोट, मग गोसाबा, सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी. माझा लेक पहिल्याच दिवशी म्हणाला मम्मा इथे सगळं खालीच कसं काय, वर काहीच नाही का. 'खाल' म्हणजे खाडीचा फाटा हे गाईडकडून कळल्यावर साहेब गप्प झाले.

आम्ही तिघं होतो, मी, माझा 9 वर्षांचा लेक आणि अब्बा. आमचं गाव दाभोळ खाडीच्या काठचं, अब्बांचं सगळं लहानपण तिवराच्या (खारफुटीच्या) चिखलात चिंबोऱ्या धरण्यात गेलंय, त्यामुळे मी सुंदरबन म्हटल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तिवरं बघायला एवढा खर्च? मागच्या दारी काय आहे मग?" माणशी साडेपाच हजार, विमान वेगळं. पण आले. आणि आता गावात कुणी भेटलं की तेच अर्धा तास सांगत बसतात.

आधी तक्रारी उरकते. आम्हाला दोन खाटांची वेगळी केबिन सांगितली होती, मिळाली सहाजणांची कॉमन. फोनवर "हो हो मॅडम", बोटीवर "आज फुल आहे मॅडम". बायकांसाठी टॉयलेट वेगळं नाही, जे आहे ते पहिल्या दिवशी बरं होतं, तिसऱ्या दिवशी विचारू नका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जेवणानंतर उरलेलं सगळं, लिंबाच्या साली, भात, पेपर नॅपकिनसुद्धा, एका पोराने सरळ पाण्यात ओतलं. गाईडने त्याला बंगालीत चांगलंच झापलं ते खरं, पण मुळात कंपनीने डस्टबिन ठेवला असता तर? बाजूने पिकनिकवाल्या बोटी स्पीकर लावून जात होत्या, त्यांच्यावर सिनेमाची गाणी आणि वर तक्रार की वाघ दिसत नाही. अरे कसा दिसेल!

जेवण मात्र अप्रतिम. हलालचं मी बुकिंगच्या आधीच विचारलं होतं, स्वयंपाकी मुसलमानच निघाला त्यामुळे टेन्शन गेलं, पण खरं सांगू का चिकनला हातच लावावासा वाटला नाही, कोळंबी आणि भेटकी मासाच इतका ताजा होता. मोहरीचं वाटण आपल्याला जरा झणका देतं, कोकमाची आठवण येते, पण जमतं.

आता मेन मुद्दा, गाईड. पन्नाशीचा माणूस, त्याचे वडील मौली, म्हणजे जंगलात जाऊन मध काढणारे. आम्ही त्यांना चाचाच म्हणायला लागलो. हिंदी मोडकी, पण प्रत्येक झाड घरच्यासारखं ओळखणारे. आमच्याकडे आपण सरसकट तिवर नाहीतर कांदळ म्हणून मोकळे होतो, त्यांनी ओळीने दाखवलं, हे बाइन, हे केवडा (आपला सुगंधी केवडा नव्हे, चिप्पीच्या घरातलं झाड), हे गरान, हे गेंवा, याचा चीक डोळ्यात गेला तर आंधळेपणा येऊ शकतो. बाइन म्हणजे आपलं तिवरच, तिथल्या गावच्या बांधावरचं पान त्यांनी लेकाला चाटायला लावलं, खारट! झाड मुळाशी जमेल तेवढं मीठ अडवतं आणि आत आलेलं पानांतून बाहेर टाकतं. मुळं चिखलातून वर खिळ्यांसारखी उभी, कारण त्या चिखलात हवाच नसते, झाडाला श्वास घ्यायला नाक वर काढावं लागतं. अब्बांना हे सगळं नजरेने माहीत होतं, पण का ते आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं, आणि पोराच्या शेजारी बसून स्वतः पोर होऊन ऐकत होते.

ओहोटीला किनारा उघडा पडला की खरा शो सुरू होतो. निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) चिखलावर उड्या मारतायत, एक नांगी मोठी असलेले लाल खेकडे ती नांगी हलवून बायकोला बोलावतायत (चाचांची कॉमेंट्री), घोरपड निवांत ऊन खातेय, आणि खाऱ्या पाण्यातली ती मगर, बाप रे. वाशिष्ठीत आम्ही मगरी बघितल्यात, पण ही जात वेगळी, आकारही वेगळा, आधी मला ओंडकाच वाटला. खंड्याच्या किती जाती दिसल्या मोजायचं सोडून दिलं, तपकिरी पंखांचा एक आहे तो फार सुंदर. सजनेखालीला बाटागूर बास्का नावाचं कासव वाढवतात, जगात फारच थोडी उरलीत. केवड्याखाली चितळांचा कळप होता, वर माकडं पानं तोडून अर्धी खातात अर्धी खाली टाकतात, हरणं ती वेचतात. खेकडे सडकी पानं बिळात ओढतात, त्यांनी चिखलात हवा खेळते, त्या पानांच्या कुजण्यावर माशांची पिल्लं वाढतात, मासे बगळा खातो नाहीतर आम्ही मोहरीत खातो. तिथे तीन दिवस बसलं की हे पुस्तकातलं वाटत नाही, समोर चालूच असतं.

वाघ? नाही दिसला. भारताच्या बाजूला शंभरच्या आसपास आहेत आणि जंगल चार हजार चौरस किलोमीटरच्या वर, पाणी धरून, मग काय अपेक्षा करणार. सुधन्यखालीच्या टॉवरखाली जनावरांसाठी गोड्या पाण्याचं तळं खणलंय, तिथे चिखलात ताजे पंजे दिसले, बस्स. लेक हिरमुसला, तर चाचा म्हणाले तुला नाही दिसला पण त्याने तुला नक्की बघितलंय. त्या रात्री पोरगा मला चिकटून झोपला.

आता जे मला लिहायचंच होतं ते. सजनेखालीला बोनबीबीचं ठाण आहे, मूर्ती, शेजारी वाघ. अब्बा बाहेरच थांबले, मूर्ती म्हटल्यावर साहजिक आहे. चाचांनी तिथेच कट्ट्यावर बसून गोष्ट सांगितली. बोनबीबी म्हणजे मक्केच्या इब्राहीमची मुलगी, जंगलात जन्मली, मोठी झाल्यावर भाऊ शाह जंगलीला घेऊन या अठरा भरती-ओहोटीच्या मुलखात आली. इथे दक्षिण राय नावाचा राक्षस वाघाचं रूप घेऊन माणसं खायचा. तिने त्याला हरवलं पण मारलं नाही, जंगल वाटून घेतलं, अर्धं त्याचं आणि अर्धं माणसांचं. मग धोना नावाचा व्यापारी येतो, मध आणि मेणासाठी दुखे नावाच्या गरीब विधवेच्या पोराला वाघाच्या तोंडी द्यायला निघतो, पोरगा आईने सांगितल्याप्रमाणे बोनबीबीला हाक मारतो आणि वाचतो. याची जुनी पोथी आहे, जोहुरानामा, भाषा बंगाली पण पानं उलटतात अरबीसारखी उजवीकडून. हिंदू गावात मूर्तीला मुकुट आणि साडी, मुसलमान गावात वेण्या, टोपी आणि पायजमा. पूजा हिंदूंची, गोष्ट मुसलमानांची, आणि जंगलात जाताना दोघंही तिचंच नाव घेतात.

अब्बा स्पष्टच बोलले, "चाचा, मदत फक्त अल्लाकडे मागायची, हे मला पटायचं नाही." मला वाटलं आता टूरचे बारा वाजले. पण चाचा हसले, म्हणाले मी पण बिस्मिल्ला म्हणूनच पाय टाकतो, नमाज सोडत नाही, पण नियम तिचेच पाळतो. नियम काय? रिकाम्या हाताने आणि साफ मनाने जायचं. लागेल तेवढंच घ्यायचं. पोळं पुरं कापायचं नाही, मधमाशांसाठी ठेवायचं. धोनासारखा लोभ केला की संपलं. अब्बा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मूर्ती आपली नाही. पण नियम आपलाच आहे." आमच्याकडेही खाडीच्या तोंडाशी पीरबाबा आहेत, होड्या तिथे नारळ वाढवून जातात, त्यावर अब्बा काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांना हा प्रकार नवा नव्हता.

त्यानंतर दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच. अब्बा गावी मदरशात संध्याकाळी मुलांना शिकवतात, त्यामुळे एकेक दाखला निघत गेला. कुराणातल्या सूरह (अध्याय) अनआममध्ये आहे की जमिनीवर चालणारा प्राणी असो की पंखांनी उडणारा पक्षी, तेही तुमच्यासारखेच समाज आहेत. निवट्यांचा समाज, लेक लगेच म्हणाला. मग ती हदीस (पैगंबरांचं वचन), मुसलमानाने झाड लावलं आणि त्यातून माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्लं तर ते त्याच्या नावे सदका (दान) होतं. चाचा म्हणाले आमच्याकडे आयला चक्रीवादळानंतर, 2009 साली, बांध फुटून शेतात खारं पाणी घुसलं, त्यानंतर गावच्या बायकांनी बांधाबाहेर बाइन आणि केवडा लावला, 2020 ला अम्फान वादळ आलं तेव्हा जिथे झाडं दाट होती तिथे बांध टिकला. म्हणजे या सदक्यातून कुणी नुसतं खाल्लं नाही, घरंच्या घरं उभी राहिली.

आणि दोन दर्यांची आयत (कुराणातलं वचन). सूरह फुरकानमध्ये येते, एक पाणी गोड तहान भागवणारं, एक खारं कडू, आणि दोघांच्या मध्ये पडदा. अब्बा म्हणाले आयुष्यभर पढतोय, पण पडदा कसा असतो ते आज डोळ्यासमोर आहे. चाचांनी त्यात कटू गोष्ट घातली, गंगेचं बरंचसं पाणी आता पूर्वेला पद्मेकडे जातं, आपल्या बाजूच्या मातला, विद्याधरी या नद्यांना वरून गोडं पाणी फारसं मिळत नाही, खारेपणा वाढतोय, म्हणून ज्या सुंदरी झाडावरून जंगलाचं नाव पडलं म्हणतात तेच आता इकडे विरळ झालंय, बांगलादेशात जास्त दिसतं. पडदा सरकतोय, असं ते म्हणाले. मला काटा आला.

नमाजवाल्यांसाठी प्रॅक्टिकल माहिती, कारण हे कुठल्याच रिव्ह्यूत मिळालं नाही मला. बोटीवर गोडं पाणी ड्रममध्ये मोजकं असतं, वजूला (नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला) उधळू नका. अब्बांनी बालदीने खाडीचंच पाणी काढलं, गढूळ दिसतं पण चालतं, हा प्रश्न तर मच्छीमारांसारख्याच दर्यात जाणाऱ्या माणसाने पैगंबरांना (सल्ल.) विचारला होता, आमच्याकडे पिण्यापुरतंच पाणी असतं, समुद्राच्या पाण्याने वजू करू का, तर उत्तर मिळालं की त्याचं पाणी पाक आहे. बालदीला दोरी घट्ट बांधा आणि मगरीकडे लक्ष ठेवा, हे मात्र माझं. किबला (नमाजाची, मक्केकडची दिशा) तिथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, फोनला रेंज नसते म्हणून साधं होकायंत्र घ्या. आम्ही शाफई पंथाचे, प्रवासात जुहर (दुपारची) आणि असर (उतरत्या दुपारची) नमाज एकत्र पढतो, चाचा हनफी पंथाचे, त्यांची असर वेगळी आणि उशिरा, त्यामुळे एक बिछायत दोनदा अंथरली जायची.

यातला किस्सा. दुसऱ्या दिवशी नांगर टाकलेला, अब्बा डेकवर उभे राहिले आणि नेमकी भरती सुरू झाली. नांगरावरची बोट पाण्याच्या ओढीने हळूहळू वळायला लागली, तशी किबला पण सरकायला लागली! अब्बा नमाज न तोडता पावलापावलाने फिरतायत, खाली मुसल्ला (नमाजाची चटई) तिरका, लेक होकायंत्र हातात धरून मागे उभा, तोंडावर हात दाबून हसू आवरतोय. सलाम फेरून नमाज संपेपर्यंत बोटीचं तोंड पार दुसरीकडे. चाचा म्हणाले तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) आधी विचारायचं ना पाणी कधी फिरणार. (त्यांच्याकडे सारेंग म्हणतात, पण अब्बांनी तीन दिवस तांडेलच म्हटलं आणि शेवटी तेही तसंच म्हणायला लागले.) तर भरतीची वेळ विचारून घ्या.

कधी जायचं, तर आम्ही जानेवारीत गेलो, सकाळी धुकं एवढं की दहापर्यंत काही दिसत नाही, पण डास कमी आणि ऊन सुसह्य. सोबत वयस्कर असतील तर बोटीत चढायची फळी बघून घ्या, अरुंद असते. टॉवर सोडून जंगलात कुठेच उतरू देत नाहीत, आणि बरोबर आहे. फोटो आयडी ओरिजिनल लागतं.

मार्क, बोट आणि कंपनीला 5 पैकी अडीच, जेवणाला साडेचार, गाईडला पाचच्या वर असतील तेवढे. बुक करताना गाईड गावातलाच आहे ना आणि मौली किंवा मच्छीमाराच्या घरातला आहे का हे विचारा, केबिनचा हट्ट धरू नका, ती मिळणार नाहीच.

येताना गावातून मध आणला. सुंदरबनच्या मधाला 2024 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, त्यामुळे नावाने वाट्टेल ते विकणारेही आहेत, चाचांच्या ओळखीने घेतला. खोलशी फुलाचा सगळ्यात भारी, खोलशी म्हणजे आपला काजळा. रंग फिका, चव गोड पण शेवटी जिभेवर किंचित खारटपणाचा भास होतो, माझा भ्रमही असेल. पातळ असतो, पाणी जास्त असतं त्यात, त्यामुळे भेसळ आहे म्हणून घाबरू नका, पण झाकण अधूनमधून सैल करा. आम्ही केलं नाही. पुण्यात घरी आल्यावर चौथ्या दिवशी रात्री किचनमध्ये फट्ट आवाज आला, झाकण उडून ओट्यावर फेस, लेक अंथरुणातूनच ओरडला, "वाघ आला!" अब्बांनी सूरह नहलमधली मधमाशीची आयत म्हणत म्हणत बोटाने ओटा साफ केला, वाया म्हणून एक थेंब जाऊ दिला नाही.