नागाळा पार्कातलं शाळेच्या जीआरचं झेरॉक्स दुकान, दोन वर्षांचा अनुभव

जिल्हा परिषदेच्या आसपास झेरॉक्स-टायपिंगची दुकानं पायलीला पन्नास आहेत त्यातलं हे एक. नाव टाकत नाही कारण दुकान चालवणाऱ्या काकांनीच नको म्हटलंय, आहे तीच गर्दी झेपत नाही म्हणाले. पण शाळेचे जीआर, म्हणजे सरकारचे शासन निर्णय, ठेवणारं दुकान कुठलं असं तिथं कुणालाही विचारा, बोट दाखवतील.

मी करवीर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे, पोरगी सहावीत आणि पोरगा तिसरीत. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत, त्यामुळं माझं नाव गेलं आणि पहिलं वर्षभर मी नुसत्या सह्या केल्या. शाळेबद्दल मुंबईत काय ठरलं ते आमच्यापर्यंत यायचं ते फॉरवर्ड होऊन, "जीआर आला जीआर आला", उघडून बघावं तर चार वर्षांपूर्वीचा कागद आणि वर कोणीतरी आजची तारीख टाकलेली.

काकांची सर्व्हिस म्हणजे महिना ५० रुपये आणि व्हॉट्सॲपवर मेसेज, रोज नाही, काही निघालं तरच. मेसेजमध्ये खातं, तारीख, विषय, या कागदानं आधीचा कुठला कागद बदलला किंवा रद्द झाला, आणि शेवटी एक ओळ, शाळेनं काय करायचं. पीडीएफ तर काय फुकट कुठंही मिळतीय, मी पैसे देते ते या शेवटच्या दोन गोष्टींचे.

पहिल्यांदा गेले ते जावेसाठी, २०२४ च्या उन्हाळ्यात. ती कसबा बावड्यात राहते, तिला पोरीला आरटीईच्या २५ टक्के राखीव मोफत जागांतून खाजगी शाळेत घालायचं होतं आणि प्रत्येकजण वेगळं सांगत होता. काकांनी तीन कागद एकत्र पिन मारून ठेवलेले. पहिला ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट. दुसरा मे महिन्यातली हायकोर्टाची स्थगिती. तिसरा १९ जुलैचा निकाल, ती सूटच रद्द. मी हे सगळं जीआरच्या साइटवर शोधत बसलेले आणि काका म्हणाले, "ताई, हा जीआर नव्हेच, नियमात बदल हाय हा, राजपत्रात शोधायचा." हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. कायदा वेगळा, नियम वेगळे, जीआर वेगळा, परिपत्रक आणि वेगळं, आणि कुठला कागद कुठं मिळतो हे माहीत नसलं की माणूस चुकीच्या दारात उभा राहतो.

हिंदीच्या वेळी तर याची किंमत नीट कळली. १६ एप्रिल २०२५ ला जीआर आला, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा. १७ जूनला सुधारित आला, हिंदी "सर्वसाधारणपणे" आणि हिंदीऐवजी वेगळी भाषा पाहिजे असली तर वर्गात २० पोरं पाहिजेत. गावात रोज भांडणं, अर्ध्यांना वाटायचं हा कायदाच झालाय, आता काही होत नाही. काकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून कुठला शब्द बदलला तेवढ्यावर पिवळा मार्कर मारलेला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की हा शासन निर्णय आहे, सभागृहात मंजूर झालेला कायदा नाही, सरकार मनात आलं तर एका दिवसात मागं घेऊ शकतं. तुलनेला २०२० चा मराठी सक्तीचा कायदा दिला, तो दोन्ही सभागृहांत मंजूर झालाय, तो बदलायचा तर परत सभागृहातच जायला लागतंय. २९ जूनला रविवारी संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी दोन्ही जीआर रद्द केल्याचं सांगितलं तेव्हा सगळे ग्रुप पेटले, आणि काकांचा मेसेज काय, "घोषणा झाली. कागद हातात आला की पाठवतो." आला तेव्हा पाठवला. मला हे लई आवडलं, घोषणेला कागद समजायचं नाही.

गणवेशाचंही सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार परत शाळा समित्यांकडं आला, आमच्या समितीत हे फक्त मला माहीत होतं आणि ते काकांमुळं. मेसेज मीटिंगमध्ये वाचून दाखवला, मग कापड कुठलं, शिलाई कुणाकडं यावर आमच्या बायका तीन तास बोलल्या, ज्या समितीत कधी तोंड उघडायच्या नाहीत त्या. पुढच्या जूनला कापड आम्ही स्वतः हाताला लावून बघून आणलं.

दुकानात गेलात तर मागच्या भिंतीवरच्या फाइल्स बघा, संचमान्यता, बदल्या, पोषण आहार, आरटीई, समिती अशा वेगवेगळ्या. बसून वाचायला पैसे नाहीत, झेरॉक्सचेच. तिथं बसूनच मी १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा जीआर वाचला, पटावर शिक्षकांची पदं ठरतात तो, आणि सहावी-सातवीचा पट विसाच्या खाली गेला तर काय होतं हे समजल्यावर त्या रात्री झोप नाही लागली, कारण आमचा पट तिथंच घुटमळतोय. शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या वाड्यावस्तीवरचे शिक्षक तिथं भेटतात, त्यांच्या शाळांचा पट तर बोटावर मोजण्याइतका. शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण केलं त्या कोल्हापुरात आपल्या वाडीची शाळा राहणार का हे बघायला माणसं एसटीनं दोन-दोन तास येतात. मला ते बघून गलबलून येतं.

अजून एक शिकवलं काकांनी. प्रत्येक जीआरवर १८ आकडी संकेतांक असतो, सुरुवातीचे आठ आकडे म्हणजे तारीख, शेवटचे दोन म्हणजे खातं, २१ शालेय शिक्षण, २० ग्रामविकास. फॉरवर्ड आलेल्या जीआरची खरी तारीख बघायला हे एवढं पुरतं.

आता तक्रारी. मोठी तक्रार ही की एका अधिवेशनात त्यांनी नुसतं मांडलेलं विधेयक "कायदा झाला" म्हणून पाठवलं, मी ते पालकसभेत सांगितलं, आणि पुढच्या सभेत मलाच उठून चूक दुरुस्त करायला लागली. दुकानात जाऊन बोलले तर ऐकून घेतलं, त्याच दिवशी सगळ्यांना दुरुस्तीचा मेसेज टाकला आणि तेव्हापासून विधेयक असलं की मांडलं, विधानसभेत मंजूर, परिषदेत मंजूर, राज्यपालांची सही, राजपत्रात आलं, यातलं कुठं आहे ते लिहितात. दुसरं म्हणजे ग्रामविकास खात्याचे कागद त्यांच्याकडून उशिरा येतात, झेडपी शिक्षकांच्या बदल्या त्याच खात्याकडून निघतात आणि आमच्या शाळेला बदलीचाच घोर जास्त. आणि अधिवेशन चालू असलं की तारांकित प्रश्न, लक्षवेधी असं आमदारांनी सभागृहात विचारलेलं सगळं एकदम येतं, एका दिवसात वीस मेसेज, त्यातलं आपलं कुठलं हे कळत नाही. आठवड्याला एक यादी द्या म्हणून सांगून झालंय, अजून सुरू नाही.

कोर्टाचं मात्र सुधारलंय. पूर्वी पेपरच्या कात्रणाचा फोटो यायचा. १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल आला तेव्हा शिक्षकाची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त राहिली असेल तर दोन वर्षांत टीईटी पास व्हायला पाहिजे हा भाग त्यांनी निकालातूनच काढून मराठीत दिला, आमच्या शाळेतल्या बाईंनी तो प्रिंट काढून पर्समध्ये ठेवलाय. आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, तिथं शाळांच्या केसमध्ये काय होतंय तेही कळवत जा असं मी मागितलंय, बघू म्हणालेत.

पाचपैकी चार स्टार. सकाळी अकराच्या आत जाऊ नका, तेव्हा झेडपीत अर्ज देणाऱ्यांची झुंबड असते. चारनंतर जावा, काका निवांत असतात. आणि जाताना शाळेचा वर्गवार पट लिहून घेऊन जावा, पहिला प्रश्न तोच विचारतात.